पुलाखालच्या राक्षसाचा दात

आजीच्या कवळीला तडा गेला होता. ती रुमालात गुंडाळून मी दुरुस्तीला घेऊन गेले, तेव्हा कवळ्या बनवणाऱ्या मास्तरांची ओळख झाली. रस्त्याकडे उघडणारी एकच खोली होती. तिला ते लॅब म्हणायचे. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, आणि जबड्यांच्या रांगेत एक बोटभर उंचीचा हिरवा राक्षस. त्याच्या हिरड्या कवळीच्या गुलाबी रंगाच्या होत्या.

मी त्याच्याकडे बघत राहिले. कवळीवरची नजर न काढता मास्तरांनी विचारलं, "काय खात असेल?"

"माणसं," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. "माणसं रोज मिळतात का?"

मी विचार केला. रोज मिळत नसावीत. मग मी म्हणाले की ससे वगैरे खात असेल. त्यांनी राक्षस उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि दाढा बघायला सांगितलं. दाढा रुंद आणि सपाट होत्या. हा कंदमुळं चघळणारा होता. माणसांवर तो धावून जायचा, पण खायला नव्हे. माणसं त्याची कंदमुळांची जागा नांगरायला आली होती.

कवळी दुसऱ्या दिवशी मिळाली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी पुन्हा तिथेच होते, हातात फासा घेऊन.

खेळ असा असतो. काही जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतले शूर वीर होतात. आपला वीर काय करतो ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वाटेत भेटणारे बाकी सगळे, म्हणजे खानावळवाला, पहारेकरी, भामटे, भुतं, राक्षस, हे गोष्ट चालवणाऱ्याच्या तोंडून बोलतात. त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे त्याचं मास्तर झालं, आणि पुढे रविवार सोडून इतर दिवशी लॅबमध्येही तेच नाव चालू राहिलं. ते शिकवत काहीच नाहीत.

आम्ही खेळणारे तिघं. एक सिस्टर, सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात असलेल्या. एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. आणि मी. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. मी साहित्याची पदवीधर आहे हे कळल्यावर मास्तरांनी आदराने विचारलं की कुठल्या साहित्याची. त्यांचं साहित्य म्हणजे प्लास्टर, मेण आणि गुलाबी भुकटी. लिफ्टवाले तेव्हापासून मला विदुषी म्हणतात. त्यात कौतुक नाही.

मास्तर चालवतात ती माणसं आमची वाट बघत बसलेली नसतात. हा त्यांचा पहिला नियम. आपण दार ठोठावलं तेव्हा तो माणूस काहीतरी करत होता, आणि आपण त्याचा खोळंबा केला. खानावळवाला छपराची गळती बुजवत शिडीवर असतो आणि शिडीवरूनच बोलतो. शिडी धरा, मग सांगतो, म्हणतो. किल्ल्याच्या पहारेकऱ्याची दाढ ठणकत होती. मास्तरांनी गालात मेणाची गोळी धरून त्याचं बोलणं असं काढलं की सिस्टरांना राहवेना. आम्ही किल्ला सोडून अख्खी दुपार त्याच्यासाठी दात काढणारा शोधला. किल्ल्यात राजकन्या होती म्हणे. ती अजून तिथेच असेल.

ड्रॅगन सोन्याच्या राशीवर का बसतो, हे त्यांना कधी पटलं नाही. सोनं घेऊन तो करणार काय, असं ते विचारायचे. त्यांचा ड्रॅगन सोन्यावर पोट टेकून बसायचा, कारण सोनं गार लागतं आणि त्याला जुनाट पित्त होतं. आग त्याच्या तोंडातून त्याच्या इच्छेविरुद्ध यायची. जेवणानंतर जास्त. सिस्टरांनी त्याला डोकं उशाशी उंच घेऊन झोपायला सांगितलं. त्याने आम्हाला सोनं दिलं नाही, पण आभार मानले.

दुसरा नियम वाकडेपणाचा. प्रत्येकात एक तरी गोष्ट वाकडी हवी आणि ती कोणी सांगायची नाही, दिसली तर दिसली. मास्तर हे बोलायचे कमी, करायचे जास्त. उरलेल्या प्लास्टरची आणि गुलाबी भुकटीची त्यांनी बोटभर उंचीची बाहुली केली होती, खेळातल्या प्रत्येकाची. कुणाचा कान लोंबता, कुणाचा खांदा पडलेला. फळीवर या बाहुल्या जबड्यांच्या मधे मधे उभ्या असायच्या. लॅबमध्ये येणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघून आपल्या कवळीबद्दल जरा साशंक व्हायची.

एरवी मास्तर अगदी साधा माणूस. सकाळी आठ ते संध्याकाळी सात पॉलिशच्या चाकापुढे. जेवताना बोलत नाहीत, लग्नाला जाऊन मागच्या रांगेत बसतात. काकू म्हणायच्या, आमच्या लग्नातही हे मागेच बसायला निघाले होते.

लॅबच्या मागे पडदा, आणि पडद्यामागे घर. तिथे आप्पा होते. मास्तरांचे वडील.

आप्पा आयुष्यभर एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते. खिळा हवा असला तरी कशाला हवा ते सांगावं लागायचं. मोठे साहेबही खिडकीपाशी उभे राहून कारण सांगायचे, असं काकू सांगतात. निवृत्त झाल्यावर हाच कारभार त्यांनी स्वयंपाकघरात चालू केला होता. आणि मग त्यांचे उरलेसुरले दात हलायला लागले, आणि डॉक्टरांनी ते सगळे काढले.

हिरड्या भरून आल्यावर मास्तरांनी कवळी केली. मी ती पाहिली आहे. इतकी सुंदर कवळी त्या लॅबमधून बाहेर गेलेली नाही, आणि हीसुद्धा गेली नाही. आप्पांनी ती तोंडात घातली, आरशात पाहिलं, काढली, आणि पाण्याच्या वाटीत ठेवून वाटीवर बशी झाकली. तेव्हापासून ते बोलेनासे झाले. बोळक्या तोंडाने निघणारे बोबडे शब्द त्यांना स्वतःलाच सहन होत नसावेत. खाणं म्हणजे दूध, सूप आणि वरणाचं पाणी. कमरेच्या ज्या पट्ट्याला एक भोक पुरायचं त्याला मास्तरांनी दाभणाने नवी भोकं पाडून दिली. डॉक्टर म्हणाले, कवळी अशीच बाहेर राहिली तर हिरड्या झिजतील, मग कुठलीच बसणार नाही. आणि वजन असंच उतरत राहिलं तर आत घेऊन नळीने भरवावं लागेल. हे त्यांनी आप्पांसमोर सांगितलं. आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं.

मास्तरांनी रोज विचारलं, "आप्पा, कुठे टोचतं?" आप्पा मान हलवायचे. टोचत नव्हतं. तरी मास्तर इथे घासून बघ, तिथे घासून बघ, असं करत राहिले. एका रविवारी काकू चहा टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "गावाला दात वाटतात आणि घरात बापाला चमचा." मास्तरांनी फासा टाकला. पाळी त्यांची नव्हती.

पुलाचा रविवार त्यानंतरचा.

काकूंना बहिणीकडे जायचं होतं. आप्पांवर नजर ठेवायला कोणी नको का, म्हणून त्यांनी आप्पांची खुर्ची पडद्याच्या अलीकडे, लॅबमध्ये आणून ठेवली. आप्पा आमच्याकडे अर्धी पाठ करून बसले. आम्ही टेबलाशी. आमचे वीर एका नदीपाशी पोचले होते. पलीकडे बुरुज, ज्याच्यासाठी आम्ही दोन महिने चालत होतो. मध्ये पूल. पुलाखाली, मास्तर म्हणाले, एक म्हातारा राक्षस राहतो. त्यांनी नवीन बाहुली टेबलावर ठेवली. हिच्या तोंडात एकही दात नव्हता.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिफ्टवाल्यांकडे. मास्तरांनी हे मुद्दाम केलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, पुलाखाली तरुण राक्षस कशाला राहील.

मास्तरांनी ओठ दातांवर आत दुमडले आणि राक्षस बोलू लागला. दोन दिवस उपाशी आहे म्हणाला. हात जोडले. काहीतरी मऊ द्या बाबांनो, मग जा पलीकडे. आवाज खरंच पडेल आणि केविलवाणा होता. सिस्टरांच्या वीराने शिदोरी सोडली. लिफ्टवाल्यांनीसुद्धा, जे एरवी आधी तलवार काढतात, राक्षसाला बाबा म्हणून हाक मारली.

"खोटं," आप्पा म्हणाले.

शब्द स्वच्छ होता. त्याला दात लागत नाहीत, हे मास्तरांच्या लगेच लक्षात आलेलं मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. ते आधी कवळीवाले, मग मुलगा, मग गेम मास्टर, आणि तिघंही एकदम थांबले होते.

"काय खोटं, आप्पा?"

आप्पांनी बाहुलीकडे बोट केलं. मग हात जोडल्याची नक्कल केली, आणि ते जोडलेले हात झटकून टाकले. हा असा हात जोडणार नाही.

"मग काय करेल?"

आप्पा उत्तर द्यायला लागले, पण शब्दांचा लगदा झाला. ते थांबले. रागाने लाल झाले. मास्तर उठले, आप्पांची खुर्ची टेबलापर्यंत ओढत आणली, आणि बाहुली त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही चालवा," म्हणाले.

 मास्तर आपला राक्षस कुणाच्या हाती देत नाहीत. लिफ्टवाल्यांनी एकदा एक मेलेला उंदीर चालवायला मागितला होता, तोही मिळाला नव्हता.

आप्पांनी बाहुली उचलली आणि पुलाखालून काढून पुलाच्या मधोमध ठेवली.

सिस्टरांनी भाकरीचा कुस्करा देऊ केला. आप्पांनी मान हलवली. लिफ्टवाल्यांनी पुलाची डागडुजी फुकट करून देतो म्हणून सांगितलं. मान हलली. मी माझ्या वीराकडून बासरी वाजवून घेतली, फाशावर मोठा आकडा पडला, बासरी उत्तम वाजली. आप्पांनी जांभई दिली. मग त्यांनी आम्हाला काहीतरी विचारलं. कोणाला कळलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि सगळे वीर आडवे झाले.

"आप्पा," सिस्टर वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "दात घाला. नाहीतर आम्ही काय करायचं, इथेच राहायचं?"

मास्तर आत जाऊन वाटी घेऊन आले. बशी काढली. आप्पांनी वाटी बाजूला सारली आणि उठले. मला वाटलं आत जाताहेत. पण ते फळीपाशी गेले आणि बाहुल्या बघू लागले. एकेक उचलायचे, डोळ्यांजवळ धरायचे, ठेवायचे. खानावळवाला. पहारेकरी. कंदमुळं खाणारा हिरवा, जो माझ्या हातावर ठेवला गेला होता. त्यांनी यांतले काही निवडले, टेबलावर आणले, आणि मास्तरांसमोर ओळीत उभे केले. मग एकेकाच्या तोंडावर नखाने टकटक केली.

मी वाकून पाहिलं. सगळ्यांना वरच्या बाजूला, डावीकडे, दातावर दात होता. सुळा शेजारच्या दातावर चढलेला. बुटक्याला, चोराला, चेटकिणीला. ड्रॅगनलासुद्धा.

आप्पांनी आपलं तोंड उघडलं आणि वरच्या हिरडीवर, डावीकडे, बोट टेकवलं. तिथे काही नव्हतं.

सिस्टरांना आधी कळलं. मग मला. लिफ्टवाल्यांना, मान वाकडी करून पाहिल्यावर. मास्तर बाहुल्यांकडे बघतच राहिले. शेवटी त्यांनी वाटीत हात घातला, कवळी बाहेर काढली आणि उजेडात धरली. वरचे दात शिस्तीत उभे होते, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे.

"मी सरळ केला," मास्तर म्हणाले. "चांगला दिसावा म्हणून."

"कोणाला?" आप्पा म्हणाले. ह्यालाही दात फारसे लागत नाहीत.

मास्तरांनी नंतर मला सांगितलं ते असं. प्रत्येक गिऱ्हाइकाचे दात आधी मेणात बसवतात. ती मेणाची कवळी तोंडात घालून माणसाला आरसा देतात. आवडलं का, पुढे आलेत का, विचारतात. मगच पक्की करतात. आप्पांच्या वेळी मेणात दात बसवल्यावर त्यांनी आरसा दिलाच नाही, थेट पक्की केली. घरचंच माणूस, त्याला काय विचारायचं. आणि तो सुळा आपण आयुष्यभर राक्षसांना देत आलो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. काहीतरी वाकडं द्यायचं म्हटलं की हात आपोआप तिकडे जायचा. लहानपणी आप्पा ओरडायला लागले की नजर त्या दातावर असायची, वर बघायची हिंमत नसायची.

कवळीतला दात वाकडा करणं सोपं नव्हतं. चावा बिघडतो, वरखालचे दात जुळत नाहीत. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की लोक दात सरळ करायला पैसे मोजतात, आणि तुम्ही हे काय मांडलंय. शिवाय माप नव्हतं. आप्पांनी दात काढायच्या आधी ठसा द्यायला नकार दिला होता, कशाला हवा ते कुणी नीट सांगितलं नाही म्हणून. फोटो होते, पण आप्पा फोटोत कधी हसले नव्हते. तेव्हा मास्तरांनी सगळे राक्षस चाकाशेजारी उभे केले आणि त्यांच्याकडे बघून दात बसवला. काकू मागून येता जाता सांगायच्या, अजून थोडा वर, अजून थोडा बाहेर. त्या दाताने त्यांच्याकडे बघून पंचवीस वर्षं भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं होतं. त्यांना तो पाठ होता.

या वेळी मेणात दात बसवल्यावर मास्तरांनी आप्पांना आरसा दिला. मी मुद्रितं घेऊन चालले होते, दारातून दिसलं म्हणून थांबले. आप्पांनी ओठ वर करून पाहिलं. खाली केला. पुन्हा वर केला. मग आरसा पालथा ठेवला आणि बोटाने खूण केली, किंचित आत. मास्तरांनी किंचित आत घेतला.  मास्तरांच्या कपाळावर इतका घाम मी ड्रॅगनच्या वेळीही पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी आप्पा आमच्या आधी टेबलाशी बसलेले होते. ओठ मिटलेले. बाहुली पुलाच्या मधोमध. मास्तर आपल्या खुर्चीत, हात मांडीवर, गिऱ्हाइकासारखे. काकू पडद्यापाशी उभ्या. त्या बहिणीकडे जाणार होत्या, गेल्या नव्हत्या.

आमचे वीर पुलावर चढले.

"कारण?" आप्पा म्हणाले.

खणखणीत आवाज होता. सुळा ओठाखालून डोकावला आणि आत गेला. गेल्या वेळी ते हेच विचारत होते, पण लांब वाक्यात, आणि त्याचा लगदा झाला होता. लिफ्टवाल्यांनी सांगितलं की पलीकडे जायचंय. आप्पा म्हणाले की ते दिसतंच आहे, पलीकडे जायला पूल असतो, कारण सांगा. सिस्टर म्हणाल्या, बुरुजात माणसं अडकली आहेत. आप्पांनी विचारलं की किती, आणि ती आत गेली तेव्हा कोणाला विचारून गेली. मग माझी पाळी आली. मी उठून उभी राहिले. न्याय, अंधार, उगवता दिवस, सगळं सांगितलं. मला वाटतं मी बरं बोलले.

"हे कारण नाही," आप्पा म्हणाले. "भाषण आहे. पुढचा."

मास्तरांनी खाकरून घेतलं. खेळ अडला की ते एक प्रश्न विचारतात, राक्षस कोणाचाही असो. त्यांनी तोच विचारला. "हा खातो काय, आप्पा?"

टेबलावर सिस्टरांनी आणलेली टोस्टची बशी होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग लिफ्टवाल्यांचा वीर, जो बोलण्याच्या भरात पुलावर जरा पुढे आला होता, त्याला चिमटीत उचलून आपल्या बाजूला आडवा ठेवला. एक टोस्ट घेतला, चहात न बुडवता, आणि त्या वीराकडे बघत चावला. कडकन आवाज आला. ते सावकाश चावत राहिले. डावीकडे, मग उजवीकडे.  काकू पडद्याचा काठ धरून उभ्या होत्या. मास्तर वडिलांच्या जबड्याकडे बघत होते, चावा नीट बसतोय का, तसे.

लिफ्टवाल्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, म्हणजे मी गेलो का?"

मास्तरांनी डोळे पुसले. प्लास्टरची धूळ फार असते त्या खोलीत. मग ते कर्तव्य म्हणून वडिलांना म्हणाले, "पण आप्पा, माणसं रोज मिळतात का?"

आप्पांनी घास गिळला आणि दुसरा टोस्ट घेतला.

"रोज नाही," म्हणाले. "रविवारी."

लिफ्टवाल्यांनी नवीन वीर केला आहे. आम्ही अजून पुलाच्या अलीकडेच आहोत.